मांडवात कुलूप चालत नाही

खारकोंडच्या नीराबाईला देव दिसतात, असं कोणी सांगितलं तर हसू नका. रोज नाही दिसत. रोज दिसायला देवांना दुसरी कामं आहेत. पण लग्नाच्या मांडवात ती धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला बसली आणि तिने डोळे मिटले, की खाडीपलीकडून एकेक देव निघतो आणि मिठागराच्या बांधावरून चालत येतो. गावदेवी पुढे, तिच्यामागे वेशीवरचा चेडोबा, त्यांच्यामागे नावं विसरलेले वाडवडील. सगळ्यांचे पाय खाऱ्या पाण्याने भिजलेले. मांडवात शिरताना ते सारवलेल्या जमिनीवर ओले ठसे उमटवत येतात. ते ठसे फक्त नीराबाईला दिसतात, म्हणून तिथे कोणी पाय ठेवला की ती गाता गाताच डोळे उघडून वटारते. लोकांना वाटतं, म्हातारी तापट आहे.

आमच्या पेणकडच्या आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो, जेवतो आणि पुढच्या लग्नाला जातो. खरं लग्न लावते ती धवलारीण. हळद दळायची, मांडव घालायचा, नवरीला पाटावर बसवायचं, प्रत्येक गोष्टीला तिचं गाणं. सुरुवातीला सगळ्या देवांना नावानिशी बोलवायचं. एकाचं नाव राहिलं तर तो रुसतो, आणि रुसलेला देव आणि रुसलेला जावई यांची समजूत काढण्यात जन्म जातो. नीराबाई हे सगळं तिच्या सासूकडून, सखुबाईकडून शिकली. मिठागरावर फळ्याने मीठ ओढता ओढता सासू एक ओळ म्हणायची आणि सून तीच ओळ मागून ओढायची. आता त्या मिठागराच्या जागी कंटेनरचं आवार झालं आहे आणि तिचा मुलगा अल्पेश तिथेच ट्रेलर चालवतो. देव मात्र अजून जुन्या बांधावरूनच येतात. त्यांना कोणी कळवलेलं नसावं.

पुढे नीराबाईचा हात थरथरायला लागला. आधी उजव्या हाताची बोटं बसल्या बसल्या तांदूळ निवडल्यासारखी हलायची. मग चहाचा कप धरवेना. मग पाय उचलेनासा झाला. औषधांनी काही वर्षं काढली, शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. डोक्यात बारीक तारा घातल्या, त्या कातडीखालून मानेवरून उतरवल्या आणि छातीत एक डबी बसवली. डबीतून सारखी हलकी वीज जाते आणि हात शांत राहतो. नीराबाईने त्या डबीला पाहुणा म्हणायला सुरुवात केली. न बोलावता आलेला, पण उपयोगी पाहुणा.

पाहुण्याबरोबर एक रिमोट आला. मशीनचं काम बघणारी राही नावाची मुलगी होती, तिने तो नीराबाईच्या हातात देऊन नीट समजावलं. "आजी, एक नंबरवर हात अगदी स्थिर राहील, पण जीभ थोडी जड होईल. दोन नंबरवर आवाज मोकळा होईल, पण हात जरा थरथरेल. दोन्ही एकदम नाही जमणार. आणि ही बाजूची कळ खाली सरकवली की रिमोटला कुलूप लागतं. मग चुकून बटण दाबलं गेलं तरी काही होत नाही. कुलूप लावल्याशिवाय तो कुठे ठेवायचा नाही."

"म्हंजे हात पायजे का गला, ता मीच ठरवायचा?" नीराबाईने विचारलं. राही हो म्हणाली. तशी नीराबाई म्हणाली, "देवानं येवडा इचारला नव्हता कदी."

रोजच्या दिवसात ती एक नंबरवर असे. भाकरी थापायची, नातीची वेणी घालायची, जड जिभेने तिला दोन शब्द सुनवायची. गाणं असलं की दोन नंबर. रिमोट तिच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्यात, पानाच्या चंचीशेजारी. आयुष्यभर जे जे मोलाचं होतं ते तिने तिथेच ठेवलं होतं. सून हेमाली रोज सकाळी बाजूची कळ खाली आहे ना हे बघायची आणि मग स्वयंपाकाला लागायची.

अशातच शेजारच्या गावात एका हळदीला नीराबाईला बोलावणं आलं. दोन नंबर लावून ती गेली. बायका जात्याभोवती बसल्या, तिने डोळे मिटले, आवाज लावला. गावदेवी बांधावर दिसली. नीराबाई जात्याच्या खुंट्यावर वाकली, दळता दळता गात राहिली आणि मधेच तिची जीभ तोंडात सुजल्यासारखी झाली. शब्द एकमेकांत कालवले गेले. तिने जोर लावला तसा ओठ एका बाजूला ओढला गेला. बांधावर गावदेवी थांबली, मागच्यांकडे वळून बघितलं, आणि सगळे देव आले त्या वाटेने परत गेले.

"चडली वाटतं म्हातारीला," मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

जिने जन्मात ताडीच्या थेंबाला जीभ लावली नाही, तिच्याबद्दल हे. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पुढच्या लग्नसराईत नीराबाईच्या दाराशी सुपारी घेऊन कोणी आलं नाही. एका घरी तर मोबाईलवरचा धवला मोठ्या स्पीकरवर लावला. नीराबाईने तो घरात बसून ऐकला. त्यात चेडोबाचं नावच नव्हतं. तिला खूप वाईट वाटलं, स्वतःपेक्षाही चेडोबासाठी जास्त.

तिने कोणाला सांगितलं नाही, पण तिला वाटायचं की या डबीमुळेच देव बिथरले. डोक्यात तार असलेल्या बाईच्या हाकेला ते का यावेत? दुपारी ओटीवर तिचा डोळा लागला की सखुबाई स्वप्नात यायची. मिठाच्या ढिगावर बसलेली, पांढरी, सगळं अंग चमचमणारं. काही बोलायची नाही. नुसता कान पुढे करून ऐकत राहायची, आणि नीराबाईला काही केल्या गाता यायचं नाही.

आणि आता घरातच लग्न निघालं. अल्पेश-हेमालीची मुलगी किशोरी, नीराबाईची एकुलती नात. नवऱ्याकडच्यांनी गोड बोलून सुचवलं, आजींना त्रास नको, आम्ही दुसरी धवलारीण आणतो. गोड बोलण्यातला काटा घरात सगळ्यांना टोचला.

"आजी गानार नसंल तर मी पाटावर बसनार न्हाय," किशोरी म्हणाली. "मोबाईल लावायचा तर त्याच्याशीच लगीन लावा."

नीराबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. नातीच्या हळदीत जीभ वळली नाही तर? देव पुन्हा दारातून परतले तर? स्वतःची अब्रू गेली होती तेवढी पुरे होती, नातीच्या संसाराला देव पाठमोरे नकोत. ती म्हणाली, "मी नाय गात. दुसरी आना."

हेमालीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सासूला मुंबईला तपासणीला नेलं. राहीने छातीवर यंत्र धरलं, पडद्यावर बघितलं आणि कपाळाला आठी घातली. पाहुणा सगळी नोंद ठेवत होता. त्या हळदीच्या संध्याकाळी दोन नंबरवरून एक नंबर झाला होता आणि वर विजेचा जोरही वाढत गेला होता.

"कुलूप नव्हतं का लावलेलं?" राहीने विचारलं.

"मी रोज बघते. सकालीच बघितला होता," हेमाली म्हणाली. तिला वाटलं, आपल्याच हातून राहिलं असणार.

नीराबाई खाली बघत बसली होती. सुनेचा आवाज ऐकून तिने मान वर केली. "तुजी चूक न्हाय गो. कुलूप मीच खोलला."

"कशाला, आई?"

"मांडवान शिरताना धवलारनीच्या अंगावर कुलूप चालत न्हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सखुबाईची शिकवण होती ती. मांडवात पाऊल टाकण्याआधी अंबाड्याची गाठ सैल करायची, चंचीची दोरी सोडायची, घरच्या पेटीचं कुलूप उघडून यायचं. धवलारणीकडे काही बंद राहिलं तर देव दाराशी अडतात. नीराबाईने आयुष्यभर हे पाळलं होतं. रिमोटला कुलूप असतं असं राहीनेच सांगितलं होतं, मग तेही उघडायला नको? ती जात्यावर वाकली, ओच्यातल्या चंचीतला अडकित्ता बटणांवर दाबला गेला आणि पुढचं सगळं झालं.

राही हसली नाही, याबद्दल तिला पुण्य लागो. ती म्हणाली, "आजी, मग रिमोट जवळ ठेवताच कशाला? एकदा नंबर लावला की तो तसाच राहतो. रिमोट घरी ठेवला तरी मशीन चालू राहतं."

नीराबाईला हे खरंच ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, रिमोट लांब गेला की छातीतला पाहुणा झोपी जाईल. आता गायला ती राजी झाली, पण रिमोट घरी ठेवायला काही तयार होईना. गाताना अंग आखडलं आणि उठताच आलं नाही तर? आणि कुलूप लावून किंवा डब्यात बंद करून ठेवायला तर मुळीच नाही. त्या दिवशी घरातली कपाटंसुद्धा उघडी असतात.

"मी धरीन," हेमाली म्हणाली. "कुलूप नको, डबा नको. माज्या हातावर राहील, उघडा. कोनाला हात लावू देनार न्हाय."

"पोरीच्या हलदीन तू हात अडकवून बसशील? नाचशील कवा?"

"नाचायला गाव पडलाय."

हळदीच्या दिवशी मांडव माणसांनी भरला. नीराबाईने अंबाड्याची गाठ सैल केली, चंचीची दोरी सोडली, रिमोटवर दोन नंबर लावला, बाजूची कळ वर सरकवली आणि तो सुनेच्या तळहातावर ठेवला. हेमाली तिच्याशेजारी मांडी घालून बसली. हात पुढे, तळवा वर, बोटं बाहेरच्या बाजूला वळवलेली. नवीकोरी पैठणी नेसलेली नवरीची आई, आणि बसली अशी की कोणाला वाटावं हातावर अंडं ठेवलंय. बायका तिला उठवायला आल्या, गाणं वाजलं, पोरींनी ओढलं. ती हलली नाही. नवऱ्याकडच्या बायका मागे भिंतीशी बसल्या होत्या, काय होतंय ते बघायलाच आल्यासारख्या.

नीराबाईने डोळे मिटले. बराच वेळ तिला नुसता अंधार दिसला. मग तिने आवाज लावला.

"खारीच्या बांधावरनं ये गो माये, पाय भिजव, पन ये..."

शब्द स्वच्छ निघाला. दुसरा निघाला, तिसरा निघाला. आणि मग कंटेनरच्या रांगांमधून, निळ्या-तांबड्या पेट्यांच्या गल्लीतून वाट काढत गावदेवी येताना तिला दिसली. मागे चेडोबा. त्याच्यामागे सगळे वाडवडील, एकमेकांचे खांदे धरून. सगळ्यात शेवटी सखुबाई, अंगावरचं मीठ झटकत. मांडवाच्या दाराशी कोणी अडलं नाही. ओले ठसे उमटत आत आले आणि नीराबाई गात राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला फार आनंद झाला होता. भिंतीकडच्या बायकांपैकी एक म्हातारी आपणहून पुढे सरकली आणि ओळ मागून ओढू लागली.

गाता गाता हळद लावायची वेळ आली. पहिलं बोट धवलारणीने नवरीला लावायचं. हात दोन नंबरवरचा, थरथरणारा. नीराबाईने वाटीत बोटं बुडवली आणि गाणं मायलेकींच्या ताटातुटीपाशी आलं. लेक खाडीपलीकडे चालली, आई बांधावर उभी राहिली, हाक मारावी तर आवाज पोचत नाही.

शेजारी हेमालीचे खांदे गदगदायला लागले. इतका वेळ धरलेलं सगळं आता तोंडावरून वाहत होतं, नाकाच्या शेंड्यावरून टपटपत होतं, पण हात तसाच पुढे, तळवा तसाच वर. दुसऱ्या हाताने पुसलं असतं तर अंग हललं असतं, म्हणून तिने पुसलं नाही.

नीराबाईला गाणं तोडता येत नव्हतं. तिने ओळ न सोडता वाटीतला हात काढला आणि सुनेचे डोळे पुसायला पुढे नेला. हात कुठला ऐकतोय! हळदीची बोटं आधी हेमालीच्या कानावर गेली, मग नाकावर, मग भुवईवर, आणि डोळ्यापर्यंत पोचेतो सगळं तोंड पिवळं झालं. नवरीच्या आधी नवरीच्या आईला हळद लागली.

"आजे, मी इकडं हाय!" पाटावरून किशोरी ओरडली आणि रडता रडता हसायला लागली.

सगळा मांडव हसला. नीराबाई हसली नाही, तिची ओळ चालू होती. हेमालीने डोळे मिटून घेतले आणि तोंड सासूच्या हातापुढे तसंच धरलं.