मरणाऱ्याजवळ कसं बसावं, याचा वर्ग

एकोणतीस वर्षं चर्चचा पाळक असलेल्या माणसाला आजाऱ्याजवळ बसायला शिकवायचं, हे फक्त ऑकलंडवाल्यांनाच सुचू शकतं. सामोआतल्या सावाई बेटावरच्या दोन गावांत किती म्हाताऱ्यांनी इओसुआचा हात धरून डोळे मिटले, त्याची गणती नाही. पण इथला नियम असा, की बाहेरदेशच्या पाळकाने वर्ग पूर्ण केल्याशिवाय हॉस्पिटलचं ओळखपत्र पक्कं होत नाही, आणि त्याशिवाय वॉर्डात अवेळी सोडत नाहीत. मरण काय वेळ बघून येतं?

त्या शुक्रवारी वर्ग घेणाऱ्या ब्रॉनविनबाई सरावासाठी स्वतःच रुग्ण होऊन पलंगावर निजल्या. इओसुआ आत आला आणि बोलण्याआधी जमिनीवर मांडी घालून बसला. वडीलधाऱ्याच्या उशाशी उभं राहून बोलणं आम्हा सामोअन लोकांत शुद्ध उद्धटपणा.

"अहो, दिसतच नाही तुम्ही मला!" बाई म्हणाल्या. "खुर्ची घ्या, डोळ्यांत बघून बोला. चला, पुन्हा दारापासून."

पंचावन्न वर्षांचा माणूस निमूट पुन्हा दारापासून आला.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्याच्या चर्चच्या मंडळीतली सिनापाती आजी हॉस्पिटलात होती; तिच्या लेकीचा, इलिसाचा निरोप होता. 'आई जायला लागली. तुम्हाला विचारतेय. लगेच या.'

शिकवणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, हे आमच्या हाडीमांशी खिळलेलं. फोन मुठीत धरून तो बाई थांबायची वाट बघत राहिला. बाई कसल्या थांबतात! तब्बल चाळीस मिनिटांनी चहाची सुट्टी झाली.

"बाई, मला जायला हवं. आमची एक म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय."

"हजेरी चारला असते, इओसुआ. आत्ता गेलात तर वर्ग बाद, पुढचा थेट फेब्रुवारीत. तुमच्याच भल्याचं सांगतेय."

भल्याचं म्हणे! त्याच्या मंडळीतले आणखी तिघं त्याच हॉस्पिटलात पडून होते. फेब्रुवारीपर्यंत त्यांच्याकडे रात्री-अपरात्री कोण जाणार? या हिशेबाने तो बसून राहिला. बाईंचा तर राग येतोच, पण त्याच्या या सभ्यपणाचाही येतो.

चारला हजेरीची सही ठोकून तो धावत हॉस्पिटलात पोचला, तोवर आजीच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

"तीनदा विचारलं तिने," इलिसा म्हणाली. "मी सांगितलं, पाळक वर्गात आहेत. तर म्हणते, एवढ्या मोठ्या माणसाला काय गं शिकवतात?"

इओसुआने चादर बाजूला केली.

"तुमच्याजवळ कसं बसायचं ते शिकवतात, आजी!"

मेलेल्या माणसापुढे त्याचा आवाज आजवर कधी चढला नव्हता. इलिसाने त्याला गप्प केलं नाही.