आईचं माप

मालूताईंकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले, तेव्हा त्यांची सून कॉम्प्युटरपुढे बसून जुन्या वहीतली गिऱ्हाइकं नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरत होती. नाव, मोबाइल, वाढदिवस, मापं. मालूताईंचे शेरे मात्र कुठल्याच रकान्यात बसेनात. 'गळा खोल नको, लाजते.' 'काखेत सैल, हात वर जात नाही.' इतक्या बायकांचं इतकं आतलं त्या वहीनं कसं सांभाळलं असेल, असं वाटून गेलं.

पान उलटलं आणि आईचं नाव आलं. 'डावा खांदा उतरता. बोलून दाखवायचं नाही. आतून कापडाची घडी घालायची.' आईला हे कधी कळलंच नाही. मालूताईंचा ब्लाउज घातला की ती आरशासमोर किती ऐटीत उभी राहायची!

"या आता नाहीत ना? नाव काढून टाकू?" सुनेनं हळूच विचारलं.

मालूताई माझं माप घेत होत्या. डाव्या खांद्यावर त्यांनी टेप लावली, थांबल्या, पुन्हा लावून पाहिली.

"राहू दे ते पान," त्या म्हणाल्या. "लागेल."

मी आईसारखीच ताठ उभी राहिले.