ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. जन्मापासून नव्हे. आधी भोसरीत आणि कारखाना हलल्यावर चाकणला, त्यांनी सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे पत्र्यावर ठोका पडला की पायाखालची फरशी हादरायची. कानात घालायला बोळे मिळायचे. पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही आणि मग बोटं जायची भीती, म्हणून कुणीच घालत नसे. रिटायर होईपर्यंत पप्पांचा एक कान पूर्ण गेला, दुसऱ्यात नुसती गुणगुण उरली. कानाचं मशीन लावून पाहिलं. आवाज मोठा होई, शब्द मात्र कळत नसत.

हळूहळू आईने त्यांच्याशी बोलणंच सोडलं. जेवायचं झालं की ताटाकडे बोट, बाहेर जायचं असलं की चपलांकडे.

मी शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये एकीने दाखवलं की कॉम्प्युटरसमोर मराठीत बोललं की शब्द पडद्यावर उमटतात. मोबाइलवरही होतं ते, पण पप्पांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून आम्ही चिंचवडच्या एका दुकानातून मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणला. पप्पा स्वतः आले होते. बिलावर नाव त्यांचं, मोबाइल नंबरही त्यांचाच. "वस्तू माझी हाय, नाव माझंच टाका," असं त्यांनी दुकानदाराला बजावलं.

चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात तो मांडला. आई समोर बसली आणि पाहुण्यांशी बोलावं तशी म्हणाली, "जेवलात का?" पडद्यावर बोटभर अक्षरं आली. पप्पांनी वाचली आणि म्हणाले, "तूच वाढलं की मघाशी."

मग आई सुटलीच. माझ्या आत्याच्या मुलीच्या लग्नात पप्पांनी काय केलं होतं, तिथपासून तिने सुरुवात केली. कॉम्प्युटर मध्येच 'भाची'चं 'भाजी' करायचा आणि पप्पा हसायचे, त्यावर ती आणखी चिडायची. मी आत चपात्या लाटत ऐकत होते. कित्येक वर्षांनी माझे आईवडील नीट भांडत होते. मला इतकं बरं वाटलं की तव्यावरची चपाती करपली.

महिनाही झाला नव्हता, एका सकाळी तो चालू होईना. बटण दाबलं की लाइट लागायचा, पडदा काळाच. मी सपोर्टला फोन लावला. मराठीसाठी वेगळं बटण होतं याचंच मला कौतुक वाटलं. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगा लाइनवर आला.

"कॉम्प्युटर कोणाच्या नावावर आहे मॅडम?"

"वडिलांच्या."

"मग त्यांच्याशीच बोलावं लागेल. व्हेरिफिकेशन असतं."

"त्यांना ऐकू येत नाही."

"हरकत नाही मॅडम, मी मोठ्याने बोलतो."

मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तेच, तितक्याच गोड आवाजात. शेवटी फोन स्पीकरवर टाकून मी पप्पांच्या हातात दिला. ते खुर्चीतून उठले, शर्ट खाली ओढला आणि साहेबासमोर उभं राहावं तसे ताठ उभे राहिले.

"हॅलो. मी बोलतोय. कॉम्प्युटर बंद हाय साहेब."

"सर, तुमची जन्मतारीख सांगा."

"हॅलो? कॉम्प्युटर बंद हाय."

मी पेपरच्या कडेला 'जन्मतारीख' लिहून त्यांच्यापुढे धरलं. ते चष्मा शोधू लागले. तेवढ्यात तिकडून आवाज आला, "सर, आपल्याकडून उत्तर येत नाहीये, मी कॉल बंद करतोय." पप्पांना ते कळलं नाही. ते हॅलो, हॅलो म्हणत राहिले. आईने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

मी ईमेल लिहिला, त्यांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडलं. उत्तर आलं की आम्ही नोंदणीकृत नंबरवर संपर्क साधू. त्यांनी साधलाही. पप्पांच्या खिशात फोन वाजला असेल तेव्हा ते खाली बाकावर बसले होते आणि मी शाळेत होते. संध्याकाळी मेसेज पाहिला: ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही, तक्रार बंद करण्यात आली आहे. नवी तक्रार केली, तीही तशीच बंद झाली. पुढे एका वरिष्ठ बाईंपर्यंत पोचले. त्या म्हणाल्या, "मी समजू शकते मॅडम."

"काय समजू शकता?"

 त्या म्हणाल्या, "कस्टमरना फोन देता का?"

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी हे सगळं ऐकलं आणि हसून म्हणाले, "कशाला डोकं फोडतेस? आण तो फोन." ते आमच्या सोफ्यावर बसले, पप्पांचं नाव आपलं म्हणून सांगितलं. जन्मतारीख मी शेजारून कुजबुजले. "हो, मीच बोलतोय," काका म्हणाले. दुसऱ्याच दिवसाची वेळ मिळाली. सर्टिफिकेटने न झालेलं काम एका खोट्याने चहा निवायच्या आत झालं.

पप्पा समोर बसून काकांच्या ओठांकडे बघत होते. स्वतःचं नाव त्यांना ओठांवरूनही कळतं. काका गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्ये माझं नाव का सांगत हुते?"

मी पेपरच्या कोऱ्या जागेत लिहिलं: तुमच्याशिवाय कंपनीवाले कुणाशी बोलत नाहीत. लिहिल्यावर मलाच ते वाचवेना. पप्पांनी वाचलं, मान हलवली आणि पेपरची घडी घालून ठेवली.

टेक्निशियन आला. माणूस सभ्य होता. आतला एक भाग बदलला आणि पडदा उजळला. "काका, बघून घ्या," असं त्याने पप्पांना खुणेनं सांगितलं. पप्पा जागचे न हलता म्हणाले, "चांगला हाय."

तेव्हापासून तो नीट चालतो आहे. शाळेचे निकाल मी त्याच्यावरच करते. आई अधूनमधून समोर बसून बोलते. पप्पांना हात करून बोलावलं तर येतात, वाचतात, हं म्हणतात. भांडत नाहीत. परवा तिने विचारलं, "पहिल्यासारखं का बोलत नाही?" अक्षरं मोठी आणि बिनचूक आली होती.

"वाचलं," पप्पा म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.  आईने मला पडदा बंद करायला सांगितला.