देवळाच्या ओट्यावर विलायती नाच

आमच्या घराण्यात दुसऱ्या महायुद्धापर्यंत कोणी बूट घालून नाचलेलं नव्हतं. ती उणीव भरून काढायचा मान माझा. जळगावात मुक्कामाला असलेल्या नाटक कंपनीच्या मालकाला विलायती टॅप डान्स, म्हणजे लोखंड ठोकलेले बूट वाजवत नाच, करणारा हवा होता. तुझ्या गावच्या जत्रेत नाचून वन्समोअर मिळवलास तर कंपनीत घेतो, म्हणाला. नाही मिळाला तर जन्मभर कापूस वेचायला शेत आहेच, असं आबा म्हणाले. वडील असावेत तर इतके उदार!

गुरू पाचोऱ्याला सापडले. रेल्वेतून निवृत्त झालेले अँग्लो-इंडियन गार्डसाहेब. तरुणपणी मुंबईत गोऱ्यांच्या थेटरात हाच नाच करायचे. मोची काही बुटांना लोखंड ठोकेना, म्हणून बैलांचा नालबंद गाठला. त्याने काम चोख केलं आणि विचारलं, "शर्यत कुठली?" मग सहा महिने जुन्या दाराच्या फळीवर चवडा, टाच, चवडा, टाच. माझे पाय बघून साहेब रोज देवाचा धावा करायचे. पण शेवटी जमलं हो!

जत्रेत नाचायची जागा म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा दगडी ओटा. ऐटीत पहिली पायरी चढलो, तोच पुजारी ओरडले, "बूट काढ रे भाऊ, देवनी जागा शे!" खरंच की! लहानपणापासून त्या ओट्यावर चपला काढून चढतोय मी, आणि सहा महिन्यांत हे एकदाही डोक्यात आलं नाही. धन्य ती अक्कल.

काढले बूट आणि नाचलो अनवाणी. आवाज कसला, नुसतं फत फत. एक म्हातारी कळवळली, "पोऱ्याले चटका लागी राह्यनात, पानी टाका रे!" लोक पोट धरून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गार्डसाहेब गर्दीतून उठले, ओट्याबाहेर मिठाईवाल्याच्या लाकडी बाकड्यावर चढले आणि आपल्या जुन्या नालांच्या बुटांनी माझे ठोके वाजवू लागले. साठी उलटलेला माणूस! माझे डोळे भरून आले. शिट्ट्या झाल्या, वन्समोअर आला.

मालक धावत आला, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि त्याने साहेबांचे हात धरले. "साहेब, उद्यापासून कंपनीत या!"

हा माझा चेला, याला घ्या, असं साहेब म्हणतील म्हणून मी थांबलो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"उद्या कशाला?" ते खुलून हसत म्हणाले. "आजच येतो."

दुसऱ्या दिवशी आबांनी मला वेचणीला नेलं. साहेबांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचा तो हसरा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.