मानाचं टेबल

निलम वेळेवर जेवते का, ही काळजी शिलाबाईंनी केव्हाच सोडून दिली होती. आता दुसरीच काळजी मनातून हलत नव्हती. पोरगी जेवते कुणाबरोबर?

निलम हिंगोलीतच वाढली. बाप धम्मानंद एसटीत कंडक्टर, आई शिलाबाई बी.ए. होऊन घरी शिकवण्या घेणारी. पोरगी लहानपणापासून बोलकी. औंढ्याच्या बसमध्ये बसली की उतरेपर्यंत शेजारच्या बाईचं माहेर, सासर, गुडघेदुखी सगळं तिला ठाऊक झालेलं असायचं. नांदेडला इंग्रजीत एम.ए. केलं आणि ती इंग्रजी शिकवायला व्हिएतनामला गेली. एका शहरातल्या क्लासमध्ये चांगली रमली. मग डोंगराळ भागातल्या एका शाळेनं तिला बोलावून घेतलं.

ही शाळा मुलांची नव्हती. त्या देशात कम्युनिस्ट पक्षाचं राज्य, आणि गावोगावचे पक्षाचे अधिकारी या शाळेत काही महिने राहून कारभार शिकायचे. चाळिशी-पन्नाशीची ही माणसं निलम वर्गात शिरली की उठून उभी राहायची, आणि धरण, रस्ता, पीक यांचे इंग्रजी शब्द शाळकरी पोरांसारखे एका सुरात म्हणायची. धम्मानंद डेपोत सांगायचे, "आमची पोरगी तिकडच्या तहसीलदारांचे कान धरून राहिली."

एका दुपारी व्हिडिओ कॉलवर शिलाबाईंना तिथलं जेवणघर दिसलं. लांबच लांब टेबलांवर माणसांची दाटी, आणि कोपऱ्यात पांढरं कापड अंथरलेल्या टेबलापाशी निलम एकटी. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या.

"परदेशी पाहुणीचं टेबल हाय, आई. मान असतो तो," निलम हसून म्हणाली.

शिलाबाईंनी हा मान शेजारच्या रूपाबाईंना कौतुकानं सांगितला. रूपाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वरही न करता म्हणाल्या, "असला मान मला बी होता, शिलाबाई. नव्या नवरीला. समदे जेवून उठले की एकटीनं जेवायचं."

दोघीही हसल्या. शिलाबाईंचं हसू मात्र घराचं दार उघडेपर्यंतही टिकलं नाही.

पुढच्या फोनवर त्यांनी सरळच विचारलं, दुसऱ्यांच्यात जाऊन काहून बसत न्हाईस? निलमनं सांगितलं. गेली होती ती एकदा, ताट घेऊन, ऑफिसातल्या बायकांच्या टेबलावर. ती बसली आणि त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. बसा, बसा, म्हणून तिनं त्यांच्या भाषेत विनवलं. त्या हसत राहिल्या, पण बसेनात. त्यांचा भात निवत चालला, तेव्हा निलमच ताट उचलून आपल्या जागी परत आली. मग त्या बसल्या.

"त्यांचं काही चुकलं न्हाई, आई," ती म्हणाली. वर्गातल्या माणसांची नावं पाठ होईस्तोवर त्यांची तुकडी निघून जाते, नवी येते, हेही तिनं सांगितलं. आणि त्याच दमात विचारलं, की शाळा अजून दोन वर्षांचा करार करायला म्हणते. सोमवारी सकाळी उत्तर द्यायचंय. काय करू?

शिलाबाईंच्या डोळ्यांपुढं अजून त्या उभ्या राहिलेल्या बायका होत्या. तोंडातून मात्र रोज कॉलनीत बोलायचं तेच निघालं. "मानाची जागा हाय, बेटा. सोडू नको."

"बरं," निलम म्हणाली.

एवढी बोलकी पोरगी, आणि नुसतं बरं. शिलाबाईंना ते काही केल्या पचेना.

रविवारी संध्याकाळी धम्मानंद ड्युटीवरून आले तेव्हा शिलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. धम्मानंदांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "यावं वाटलं असतं तर ती बोलली असती ना."

"मग मला विचारलं काहून? माझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला."

"आली तर लोकांना काय सांगशील?"

"सांगीन, पोरगी घरी यायली," शिलाबाई म्हणाल्या.

ये, असं त्या म्हणणार नव्हत्या. राहा, असंही नाही. आईच्या शब्दाखातर तिनं राहू नये, एवढंच तिच्या कानावर घालायचं होतं, आणि ते उद्या सकाळच्या आत. शिलाबाईंनी भाजीखालचा गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि फोन घेतला.