माझं वजन हाच पुरावा

"चप्पल काढ. काट्यावर उभी राहा."

मी उभी राहिले. काचेचा वजनकाटा हॉलच्या मधोमध आणून ठेवला होता. सोफ्यावर मॅडम, त्यांच्या बाजूला शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई. खुर्चीत मॅडमची मुलगी सई, माझ्याच वयाची. स्वयंपाकघराच्या दारात माझी माय, कणकेचे हात तसेच. मी नववीत होते.

मॅडमनी वाकून आकडा वाचला. मोठ्यानं.

"सत्तेचाळीस. जूनमध्ये एक्केचाळीस होती." मग शेजारणीकडं बघून म्हणाल्या, "कळलं ना आता, आमच्या सईचं जेवण कुठं जातं ते?"

शेजारीण हसली नाही. पण तिची नजर माझ्या दंडावरून, पोटावरून फिरली. चोरीचा माल कुठं लपवलाय ते शोधावं, तशी.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. आजा हैदराबादला आला आणि आम्ही इथलेच झालो. मॅडम पुण्याच्या. साहेब कंप्युटरच्या कंपनीत. हिमायतनगरला फ्लॅट. मराठी स्वयंपाक करणारी बाई मिळाली म्हणून मॅडम खूश होत्या. मायच्या हातची भाकरी त्यांना चालायची. मायची ताटली चालायची नाही. ती सिंकखालच्या कप्प्यात वेगळी असायची.

माझी शाळा नारायणगुड्याला. धाकटा भाऊ गल्लीत खेळायचा; पण बरकतपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर पोरीनं एकटं बसू नये, म्हणून शाळा सुटली की मी मॅडमकडं जायची. मागच्या बाल्कनीत बसून अभ्यास करायची. मायचं काम संपलं की दोघी चालत घरी.

तो काटा मॅडमनी जूनमध्ये आणला. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोत सई जाड दिसली होती. ती जाड नव्हती. वाढत्या वयाची पोरगी, गाल भरलेले, एवढंच. त्या दिवशी गंमत म्हणून मॅडमनी मलाही काट्यावर उभं केलं. "बघ सई, हिला बघ. अशी पाहिजे फिगर."

त्याच महिन्यात शाळेत सरकारी डॉक्टरीण आली होती. तिनं माझी पापणी खाली ओढली आणि मायला बोलावून घेतलं. "बच्ची में खून नहीं है अम्मा." अंडं दे, शेंगदाणे दे, डाळ आणि पालेभाजी रोज दे, म्हणाली. जे अंग डॉक्टरणीला उपाशी दिसलं, तेच मॅडमना सुंदर दिसलं.

मायनं ऐकलं. सकाळी एक उकडलेलं अंडं. शाळेत जाताना मुठीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा. रात्री अंबाडीचं वरण. स्वतःसाठी अंडं तिनं कधी उकडलं नाही.

आणि सई जेवायची थांबली.

ती ताट घेऊन बाल्कनीत यायची. दोन पोळ्या, उसळ, दही. "तू खा ना. प्लीज. मम्मीला नको सांगू." पहिल्या दिवशी मी नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी खाल्लं. भूक लागायची मला. दुपारचं शाळेतलं जेवण संध्याकाळपर्यंत पुरायचं नाही. मी ताट पुसून खाईपर्यंत सई उभी राहायची. मग रिकामं ताट नेऊन सिंकमध्ये ठेवायची.

तिची बोटं बर्फासारखी गार असायची. हैदराबादच्या उकाड्यात ती स्वेटर घालायची. कंगव्यात केसांचा पुंजका निघायचा. जिना चढताना ती मधे बसायची. मला सगळं दिसत होतं. मी गप्प. सांगितलं तर ताट बंद होईल, हेही मनात होतं. ते मी लपवत नाही.

मॅडम स्वतःहूनही द्यायच्या. दर शनिवारी फ्रिज साफ करायच्या आणि पिशवी मायच्या हातात. आठवडाभर पडलेली पनीरची भाजी, आंबलेला भात. एकदा तो भात माझ्या धाकट्या भावानं खाल्ला. दोन दिवस उलट्या, जुलाब. सरकारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. त्यानंतर माय पिशवी उघडून वास घ्यायची, आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकायची. सोमवारी मॅडमनी विचारलं की म्हणायची, "चांगलं होतं वैनी."

शिळं दिलं तेव्हा ते दान होतं. ताजं पोटात गेलं, तेव्हा चोरी झाली.

आणि गंमत बघा. काट्यावर उभं केलं त्याच्या चारच दिवस आधी डॉक्टरीण पुन्हा शाळेत आली होती. माझ्या उंचीला माझं वजन आता कुठं बरोबर झालं होतं. तिनं पाठीवर थाप मारली होती. शाबास म्हणाली होती.

सई एवढी का वाळली, असं शेजारणीनं विचारलं होतं. माझं तेच वजन मॅडमनी पुरावा केलं.

मी काट्यावरून उतरले. सईकडं बघितलं. ती नखं बघत होती. मी म्हणाले, "मी खाल्लं. पण चोरलं नाही. सई देते. ती जेवतच नाही मॅडम. लई दिवस झाले."

सई हळूच म्हणाली, "खोटं बोलते ती."

मायनं हात जोडले. "लेकरू हाय वैनी. चुकलं."

"पाया पड म्हणावं. आणि उद्यापासून तिला इथं आणायचं नाही."

मायनं माझ्या मानेवर हात ठेवून दाबलं. ओली कणीक मानेला चिकटली. मी अर्धी वाकले. मॅडमची पावलं दिसली, गुलाबी नखं. तिथंच माझ्या आत काहीतरी थांबलं. मी कशाबद्दल पाया पडू? भूक लागली याबद्दल? माझ्या अंगात रक्त भरलं याबद्दल?

मी सरळ झाले.

"नाही पडणार. माय, हात धू. चल."

माय माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, मारणार. ती आत गेली. नळाचा आवाज आला. बाहेर आली आणि चप्पल पायात घातली.

बरकतपुऱ्याच्या वळणावर ती थांबली.

"खाल्लंस ना तू?"

"हौ."

"माझ्याच हातचं ना?"

"हौ."

तिनं पदर तोंडाला लावला आणि भर रस्त्यात रडली. काम गेल्याचं ते रडणं नव्हतं. तिनं रांधलेलं तिच्याच लेकरानं खाल्लं, आणि ती चोरी ठरली, त्याचं होतं.

तीन आठवड्यांनी मॅडम आमच्या खोलीवर आल्या. एकट्याच. सई शाळेत कोसळली होती. दवाखान्यात होती. हृदयाचे ठोके फार मंद झालेत, म्हणाल्या. डॉक्टर विचारतायत, कधीपासून जेवत नव्हती.

"आधी सांगायचं ना गं."

"सांगितलं होतं."

त्या आमच्या उंबऱ्यावर खाली बसल्या. मी सगळं सांगितलं. कधीपासून, किती, काय काय मला द्यायची. त्या मोबाईलवर लिहीत होत्या. मायनं पाणी दिलं. आमच्या पेल्यातून प्यायल्या. माफी मागितली नाही. जाताना फक्त मागं वळून बघितलं.

सई वाचली. एवढं त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडून कळलं. तिचं शाळेचं वर्ष गेलं. मग ते सगळे पुण्याला गेले. ती मला पुन्हा दिसली नाही. खोटं बोलते म्हणाली, त्याचा राग राहिला नाही. तिची गार बोटं मात्र अजून हाताला जाणवतात. मी जेवत होते आणि ती संपत होती. दोन्ही एकाच ताटात. ते दुःख माझं मीच बाळगते, त्यात कुणाला वाटा देता येत नाही.

आज मी मुलींच्या एका वसतिगृहात नर्स आहे. कुठल्याही पोरीचं वजन मी दार लावून करते. आकडा तिला आणि मला, बस्स. जी ताट सरकवते, तिच्याजवळ जाऊन बसते. रागावत नाही. उठतही नाही.

गेल्या महिन्यापर्यंत मीही तिथलंच फुकट जेवायची. मग एका दुपारी सांबाराला आंबूस वास आला. कालचंच गरम केलं होतं. मी पातेलं अडवलं. शंभर पोरी ताटं घेऊन उभ्या. वॉर्डन जवळ येऊन हळूच म्हणाली, "आप भी यहींच खाते ना मॅडम? चुप रहो."

मी पातेलं मोरीत ओतलं. पोरींच्या देखत. त्या दिवशी जेवायला तासभर उशीर झाला. वरच्यांकडं माझी तक्रार गेली. उत्तर मागवलं. मी लिहून दिलं, सहीनिशी.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा डबा घरून आणते. वसतिगृहाचं जेवण रोज आधी चाखते ते तपासायला, पोट भरायला नाही. ज्या जेवणापायी गप्प बसावं लागतं, ते मी आता जेवणार नाही. आणि माझ्या समोर कुठल्याही पोरीला ते जेवू देणार नाही.