निळ्या शाईतली शब्दकोडी

जुनी वर्तमानपत्रं न वाचण्याचा मला पगार मिळायचा. ही थट्टा नाही, तशी लेखी सूचनाच होती. स्कॅनिंग करणाऱ्याने मजकूर वाचत बसू नये, पान सरळ आहे एवढेच पाहावे. वाचत बसलं की कामाचा वेग मंदावतो, असं आमच्या खराडीच्या ऑफिसचं म्हणणं. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. आमच्या घरात कॉलेजचा दरवाजा आतून पाहिलेलं पहिलं माणूस मी. वाचता येतं म्हणून मला नोकरीवर घेतलं आणि घेतल्याबरोबर वाचू नका म्हणून सांगितलं. पुण्यात आयटी आली आयटी आली म्हणतात, ती माझ्यापर्यंत अशी आली.

आमची कंपनी जुने कागद स्कॅन करून संगणकावर चढवायची. सुरुवातीला मला सरकारी अहवाल दिले होते. पाऊसपाणी, पाटबंधारे, साथीचे रोग, असले. ते काम फार सोपं. पानं करकरीत, कारण छापल्यापासून ती कोणी उघडलीच नव्हती. काही तर एकमेकांना चिकटलेली निघाली. वाशिमकडच्या गावाहून वडिलांचा फोन यायचा. ते कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. विचारायचे, "कामाचं काय चालू हाय बाई?" मी म्हणायची, "सरकारचे अहवाल वाचते." वडील आख्ख्या जिनिंगला सांगून आले की पोरगी सरकारचे अहवाल तपासते. मी दुरुस्त केलं नाही. तपासतच होते की, सरकारपेक्षा जास्त.

मग एका स्थानिक दैनिकाचं काम आलं. त्यांना सगळे जुने अंक इंटरनेटवर ठेवायचे होते. पण मालकांची अट होती की बांधीव फाइली इमारतीबाहेर जाणार नाहीत. त्यामुळे स्कॅनरच सदाशिव पेठेत आणून बसवला आणि त्याच्यामागोमाग मला. माझी खोली तिथून चालत जाण्याइतकी जवळ. बाकीचे कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत खराडीला जायचे आणि मी चहा संपवून आरामात निघायची. खोलीच्या मालकीणबाईंनी भिंतीला खिळा ठोकू न दिल्यामुळे माझी डिग्रीची फ्रेम पत्र्याच्या ट्रंकेला टेकवून ठेवलेली होती. निघताना तिच्यावरून एकदा फडकं मारायचं, एवढाच माझा रोजचा देवधर्म.

फाइलींवर देखरेखीला दैनिकाचे निवृत्त ग्रंथपाल होते. जन्मभर त्यांनी हे अंक सांभाळले होते आणि मालकांनी त्यांना याच कामापुरतं परत बोलावलं होतं. पांढरा शर्ट, खिशाला शाईचं पेन, पायात पॉलिश केलेल्या चपला. पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हणाले.

"मी आपला काका नाही," ते म्हणाले. "आपले काका मला माहीतही नाहीत. शिक्षण?"

"बी.ए. अर्थशास्त्र."

"छान. मग हात धुऊन या."

कपाटावर त्यांच्याच हातची पाटी होती. वळणदार, किरट्या अक्षरातली: 'अंकावर काहीही लिहू नये. पेन्सिल आत आणू नये. आणल्यास का आणली हे सांगावे लागेल.' या पाटीची अंमलबजावणी त्यांनी जन्मभर केली होती. एकदा एका प्राध्यापकांनी अग्रलेखातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढली. ह्यांनी त्यांचं दैनिकाच्या वाचनालयाचं सभासदत्व रद्द केलं आणि वर त्यांना खोडरबर भेट दिलं. हा किस्सा त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितला आणि नंतरही अधूनमधून सांगत राहिले.

काम नीट चाललं होतं. मी पान ठेवायची, ते पुढचं पान कसं उलटावं ते सांगायचे, मी मला हवं तसं उलटायची. एका दुपारी ते जेवायला गेले असताना मी नवी फाइल उघडली. मालकांना नमुना म्हणून पहिल्यांदा दाखवायची होती ती हीच. शेवटच्या पानावर शब्दकोडं होतं आणि ते सोडवलेलं होतं. निळ्या शाईत, घर न घर भरलेलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकातलंही. तिसऱ्याही. मी पानं उलटत गेले तर आख्खी फाइल सोडवलेली! आणि अक्षर वळणदार, किरटं.

मी एकदा कोड्याकडे पाहिलं, एकदा कपाटावरच्या पाटीकडे पाहिलं. वाचू नका म्हणून सांगितलेलं असूनसुद्धा मला सगळं वाचता आलं.

ते जेवून आले. मला पोटात ठेवता येत नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नाही. मी सरळ विचारलं, "सर, हे तुमचं अक्षर आहे ना?"

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "अक्षर माझ्यासारखं आहे, असं म्हणा."

"'ळ' तर हुबेहूब पाटीवरचा आहे."

"आपण अर्थशास्त्र केलंत ना? मग अक्षरशास्त्रात कशाला शिरता?"

पण मग ते खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. दुपारी वाचनालय बंद असायचं, म्हणाले. आत कोणी नाही, समोर ताजा अंक, त्यात कोडं. वेगळा अंक विकत घ्यायचा म्हणजे घरी हिशेब द्यायचा. "सवय लागली. पुढे कधी लक्षातच आलं नाही की हे अंक कोणी उघडून पाहील. आणि आता तुम्ही ते जगभर दाखवणार. त्या प्राध्यापकांच्या घरीसुद्धा आता संगणक आहे म्हणे. मालकांनी पाहिलं तर माझी काय शोभा राहील हो?"

मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. हसू मी खोकल्यात घातलं.

संध्याकाळी खराडीहून आमच्या मॅनेजरांचा फोन आला. ते माझ्याहून लहान, पण फोनवर मोठे. मी त्यांना पानांची परिस्थिती सांगितली, माणसाचं नाव काढलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, क्लायंटला क्लीन पेज पाहिजे. मार्क्स दिसले तर सॅम्पल रिजेक्ट होईल. सॉफ्टवेअरमध्ये इरेज करून टाका ना, सिंपल आहे."

सिंपल होतं. मूळ चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याच्या कॉपीवर निळी शाई पुसायची. माझ्या कॉम्प्युटर कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी पडद्यासमोर येऊन बसले.

मी पहिलं कोडं घेतलं. माउस फिरवला. एक शब्द गेला, दुसरा गेला.

"थांबा," सर म्हणाले. "तो राहू द्या."

"का?"

"तो फार अवघड होता. संपादकांनासुद्धा आला नव्हता."

मी तो ठेवला. पुढच्या शब्दावर गेले.

"तोही राहू द्या. त्याला मी दोन कोश पाहिले होते."

"सर, पुसायचंय की नाही?"

"पुसायचंय. पण विवेकानं."

असं करत करत आमचं जे धोरण ठरलं ते मी आजवर कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात उत्तरं छापून यायची. त्याच्याशी ताडून पाहायचं. बरोबर आलेली उत्तरं ठेवायची, चुकलेली पुसायची. माणूस हुशार, आख्ख्या फाइलीत चुकलेलं एकच कोडं निघालं. त्यात आडव्या शब्दाला विचारलं होतं, 'पाण्याजवळ राहणारा पक्षी, तीन अक्षरी'. छापील उत्तर होतं बदक. सरांनी लिहिलं होतं बगळा. आणि त्या 'ळा'वर टेकणाऱ्या उभ्या शब्दात, 'लोक जमतात ते ठिकाण' म्हणून, छापील 'चौक'च्या जागी मेळा.

"बदक पाण्याजवळ राहतं का?" सरांनी मला विचारलं. "सांगा. आपण खेड्यातून आला आहात."

"पाण्यात राहतं."

"आणि बगळा?"

"काठाला उभा असतो."

"मग!" ते म्हणाले. पडद्यावर बोट टेकवलं. "पुसता येतं तसं लिहितासुद्धा येत असेल. बदक असं घालता येईल?"

"नाही सर," मी म्हणाले. "पुसायला सांगितलंय तेवढं पुसते. तुम्ही न लिहिलेलं मी तुमच्या अक्षरात लिहिणार नाही."

ते रुसले. 'ग', 'ळा' आणि 'मे' अशी तीन घरं मी कोरी केली. 'ब' बरोबर होता म्हणून राहिला.

नमुना पाहायला मालक स्वतः खाली आले. वयानं ग्रंथपालांपेक्षा बरेच लहान. त्यांनी अग्रलेख पाहिला, जाहिराती पाहिल्या, आजोबांच्या काळातली साबणाची जाहिरात पाहून खूश झाले. मग शेवटचं पान आलं. सर कपाटाकडे तोंड करून, लागलेलंच कुलूप पुन्हा तपासायला लागले.

"अरेच्चा, हे कोडं सोडवलंय कोणी तरी," मालक म्हणाले. पुढच्या अंकावर गेले, उत्तरं जुळवली, परत मागे आले. "आणि सगळं बरोबर! हेही. हेही! अहो, हे नक्की आपल्या त्या जुन्या उपसंपादकांचं काम. काय व्युत्पन्न माणूस होता!"

सरांना फक्त गप्प बसायचं होतं. खोडून टाकलेल्या तीन घरांसकट सगळं निभावलं होतं. उपसंपादकही कधीच वारलेले, नाही म्हणायला येणार नव्हते. मी मनात म्हणत होते, गप्प बसा, गप्प बसा.

"कोण, ते?" सर कपाटाकडून वळले. "त्यांना आडवं कुठलं आणि उभं कुठलं हे मला सांगावं लागायचं!"

"मग कोणी सोडवलं?"

"मी."

मालक पडद्याकडून वळले. "आपण? फाइलच्या अंकावर? आणि तेही शाईनं?"

"वाचनालयात पेन्सिलीला बंदी होती," सर म्हणाले.

मालकांना हसू आवरेना. टेबलाला धरून ते हसले. सर ताठ उभे, पण कानाच्या पाळ्या लाल. "आता त्या प्राध्यापकांना चहाला बोलवायला हवं," मालक डोळे पुसत म्हणाले. पुन्हा पडद्याकडे वळले. "पण ही तीन घरं कोरी का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "कोरी नव्हती. पुसली आहेत. मूळ चित्र माझ्याकडे आहे." आणि उघडून दाखवलं. बगळा आणि मेळा परत येऊन आपापल्या जागी बसले.

"हेच ठेवा," मालक म्हणाले. "सगळ्या फाइलींचं असंच. पुसून साफ करायचा असता तर मी संग्रह कशाला केला असता, नवीनच अंक काढला असता." खराडीला तेच कळवायला सांगून ते हसत हसत वर गेले. रागावलेले नव्हते. सरांना ते जास्त लागलं असावं.

पानावर काही लिहिलेलं असेल तर संगणकात त्या पानाखाली शेरा भरायचा असतो. आता निळी शाई राहणार म्हटल्यावर तो भरणं भाग होतं. मी टाइप केलं: 'शब्दकोडे शाईने सोडवलेले. दोन उत्तरे चुकीची.'

"चुकीची काढा," मागून आवाज आला.

"मग काय लिहू?"

त्यांनी चष्मा काढला, विचार केला आणि अग्रलेख सांगावा तसं सांगितलं, "दोन उत्तरांबाबत मतभेद."

बगळा काठालाच उभा असतो हे मला माहीत होतं. मी टाइप केलं. मग बोटं तशीच ठेवून विचारलं, "सर, कोणी विचारलं तर? कोणाचा कोणाशी मतभेद?"

"छापील उत्तराचा," ते म्हणाले, "माझ्याशी."